सायकलला डाएटवर ठेवा!

मुलांची सायकल महाग असून भागत नाही, ती हलकी असावी लागते. आणि हलकेपणासाठी खिसा रिकामा करायची अजिबात गरज नाही. माजलगावात बांधलेल्या साडेनऊ किलोच्या एका माउंटन बाइकची ही हिशेबासकट गोष्ट...

आज ऑफिसातून घरी आलात की लिफ्टचं बटण दाबण्याआधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. कोपऱ्यात पाइपाला साखळीनं बांधलेल्या, धुळीनं राखाडी पडलेल्या लहान मुलांच्या सायकली मोजा. आमच्या पुण्याच्या बिल्डिंगमध्ये अकरा निघाल्या. त्यातल्या सात तर अशा, की टायरवरचे ते रबराचे बारीक केससुद्धा अजून शाबूत! म्हणजे सायकल आली, वाढदिवसाचे फोटो निघाले आणि विषय संपला.

यावर आपलं उत्तर ठरलेलं. ‘हल्लीच्या पोरांना मोबाइल सोडून काही नको असतं.’ असेलही. पण निकाल देण्याआधी त्यातली एखादी सायकल उचलून बघा. विशेषतः ती मागे-पुढे स्प्रिंग असलेली, जाडजूड टायरवाली, मोटरसायकलची धाकटी बहीण वाटणारी. ती सहज पंधरा किलो भरते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचं वजन असतं पंचवीस किलोच्या आसपास. म्हणजे सायकल मुलाच्या साठ टक्के! आता हेच गणित स्वतःला लावा. तुमचं वजन सत्तर किलो असेल, तर तुमच्या वाट्याला आली बेचाळीस किलोची सायकल. चालवाल? फ्लायओव्हर चढवाल? दुसऱ्या दिवशी पुन्हा काढाल?

नाही ना? मग पोरांनी तरी का काढावी!

‘तिला जमतच नाही रे!’

हा सगळा फंडा डोक्यात शिरला तो ताईच्या एका फोनमुळे. ताई माजलगावची. बीड जिल्ह्यातलं, सिंदफणा नदीवरच्या धरणाचं हे गाव. ताई-दाजींचं घर गावाबाहेर, शेतातल्या वस्तीवर. माझी भाची नऊ वर्षांची. चौथीपर्यंतची शाळा वस्तीच्या जवळच होती. पाचवीपासून गावातली, म्हणजे साडेतीन किलोमीटर. त्यातला निम्मा रस्ता मुरूम आणि काळ्या मातीचा, उरलेला डांबरी.

भाचीकडे सायकल होती. साडेसात हजारांची, दोन स्प्रिंगांची, लालभडक. पण मॅडम ती चालवण्यापेक्षा ढकलतच जास्त न्यायच्या. ताई म्हणाली, ‘‘तिला जमतच नाही रे. जूनपासून रिक्षाच लावू आता.’’

ऐकायला साधी गोष्ट वाटते. पण रिक्षा लागली की तिच्या वेळा लागतात. शाळा सुटल्यावर पाच मिनिटं मैदानावर थांबता येत नाही, मैत्रिणीकडे वही आणायला जाता येत नाही. आणि मुलीच्या हातून पाचवीत सुटलेली सायकल आठवीत क्वचितच परत येते. तोवर ‘आता मोठी झालीस’ सुरू झालेलं असतं. मी विचारलं, ‘‘ताई, तिचं वजन किती? आणि सायकलचं?’’ तिला प्रश्न विचित्र वाटला. मी मे महिन्याच्या सुट्टीत गेलो तेव्हा विमानाच्या बॅगा तोलायचा हँगिंग काटा सोबत नेला. भाची चोवीस किलो. सायकल पंधरा किलो चारशे ग्रॅम. चौसष्ट टक्के! पोरगी आळशी नव्हती. पोरगी रोज लग्नाच्या पंगतीचं पातेलं ओढत होती.

पण डोंगर कुठाय?

तुम्ही म्हणाल, माजलगावात कसली आलीय माउंटन बाइक? बरोबर आहे. बालाघाटचे डोंगर जिल्ह्याच्या दुसऱ्या बाजूला, इकडे गोदावरीकाठची सपाट गंगथडी. पण माउंटन बाइकला डोंगर लागतोच असं नाही, खराब रस्ता पुरतो. आणि तो इथे भरपूर! उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या, सुटा मुरूम, बाभळीचे काटे, आणि पावसाळ्यात ती प्रसिद्ध काळी माती, जी चपलेला लागली की चप्पलच ठेवून घेते. अशा ठिकाणी रुंद टायर, दणकट फ्रेम, चढाला हलका गिअर हवाच. नको असतो तो फक्त दिखाव्याचा बोजा.

तशी माउंटन बाइक जन्मालाच आली भंगारातून! सत्तरच्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही तरुण १९३०-४०च्या काळातल्या जुन्या श्विन सायकली पैदा करायचे. त्यांचे मडगार्ड, चेनकव्हर काढून टाकायचे, दणकट भाग बसवायचे आणि मातीच्या उतारावरून सुसाट सोडायचे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली ‘रीपॅक’ शर्यत लावली. नाव असं का? तर एका उतारातच मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं आणि खाली आल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं, रीपॅक! जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही नावं त्याच टोळीतली. पुढे १९७७ मध्ये ब्रीझनं खास या कामासाठी फ्रेम बनवली आणि बाकीचा इतिहास आज शोरूममध्ये लाखांच्या किमतीला टांगलेला दिसतो. पण सुरुवात? जुनी सायकल, पाना आणि ‘हे काढलं तर काय होईल’ हा प्रश्न.

मुलांच्या सायकलचा विचार मात्र जगानं फारच उशिरा केला. ब्रिटनमध्ये आयला राउनट्री या माजी सायक्लोक्रॉस चॅम्पियन बाईंनी २००५ मध्ये आयलाबाइक्स सुरू केली. त्यांचा मुद्दा साधा होता. मूल म्हणजे छोटा मोठा माणूस नव्हे. त्याची बोटं छोटी, पाय आखूड, ताकद कमी. मग ब्रेकची मूठ, क्रँक, सीट सगळं त्याच्या मापाचं नको का? त्या कंपनीनं २०२३ मध्ये सायकली बनवणं थांबवलं, पण तोवर कल्पना रुजली होती. २०१३ मध्ये सुरू झालेल्या व्हिएन्नाच्या वूम कंपनीची वीस इंची सायकल आठ किलोच्या आसपास भरते. किंमत मात्र युरोत, आणि रुपयांत गुणली की भाचीच्या सायकलऐवजी दाजींना जुनी मोटरसायकल येईल.

म्हणून ठरवलं, विकत नाही घ्यायची. बांधायची!

फ्रिजवरचं मॅग्नेट घ्या

भाचीच्या लाल सायकलवर खर्च करण्यात अर्थ नव्हता. तिची फ्रेमच लोखंडी, वर मधोमध स्प्रिंग. अशा सायकलला कितीही डाएट करा, हाडंच जड! मला हवी होती अॅल्युमिनियमची, मागे स्प्रिंग नसलेली फ्रेम. अॅल्युमिनियमची घनता लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश. नळ्या जाड घ्याव्या लागतात, तरी फ्रेम हलकी पडते.

ओळखायची कशी? फ्रिजवरचं मॅग्नेट काढा आणि पार्किंगमध्ये जा. चिकटलं तर लोखंड, घसरलं तर अॅल्युमिनियम. मी तेच केलं. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला, ‘छोट्यांची वापरात नसलेली सायकल कुणी देणार का?’ दोन तासांत चार उत्तरं! एका काकूंनी त्यांच्या मुलाची वीस इंची सायकल १८०० रुपयांत दिली. मुलगा आता कॉलेजात. अॅल्युमिनियमची फ्रेम, व्ही-ब्रेक, मागे सात गिअर, पुढे तीन. काट्यावर १३ किलो ६०० ग्रॅम. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत आडवी झोपून ती माजलगावला पोचली.

तिथल्या सायकल मिस्त्रींना सगळे चाचा म्हणतात. टपरीएवढं दुकान, आत चाळीस वर्षांचा अनुभव आणि त्याहून जुने सुटे भाग. त्यांना मी हलक्या सायकलचं तत्त्वज्ञान ऐकवायला लागलो, तर म्हणाले, ‘‘मला कशाला सांगायलाव? लेकरू सायकल चालवायलंय का सायकल लेकराला, येवढंच बघायचं असतंय.’’

घ्या! माझं अर्धं लेक्चर एका वाक्यात संपलं.

डाएट प्लॅन

१. आधी फुकटचं. कॅरिअर, स्टँड, प्लास्टिकचं चेनकव्हर, लांबलचक मडगार्ड. सगळं काढलं. खर्च शून्य, वजनात घट एक किलो दोनशे ग्रॅम. काळ्या मातीत मडगार्ड काढण्याचा आणखी एक फायदा. चिखल टायर आणि मडगार्डच्या फटीत ठासून बसतो आणि चाकच जाम होतं. आता फट मोकळी. घंटी आणि रिफ्लेक्टर मात्र जागच्या जागी! तिथं ग्रॅम मोजायचे नाहीत.

२. चिमटा. पुढचा स्प्रिंगचा चिमटा म्हणजे स्वस्त सायकलीतली सगळ्यात मोठी फसवाफसवी. त्याची स्प्रिंग चोवीस किलोच्या पोरीखाली दबतच नाही! म्हणजे सस्पेन्शन नाही, नुसतंच वजन. चाचांनी साधा, सरळ लोखंडी चिमटा शोधून दिला. एक किलो गायब. इथे चार गोष्टी जुळायलाच हव्यात. वरच्या नळीची जाडी, तिची लांबी, व्ही-ब्रेक बसवायच्या खुंट्या आणि चिमट्याची उंची. उंची फार कमी झाली तर सायकलचं नाक खाली जातं, पॅडल जमिनीला लागतं आणि हँडल चंचल होतं. जुना चिमटा घेताना तडा, वाक, गंज नीट तपासा. शंका आली तर नवा घ्या.

३. पुढचे गिअर. तीन गुणिले सात म्हणजे एकवीस गिअर! जाहिरातीत मस्त दिसतात. नऊ वर्षांच्या मुलीला मात्र कुठला गिअर कधी, हेच कळत नाही. आम्ही पुढची तीन दातेरी चाकं, गिअर, त्याची वायर, मूठ सगळं काढलं आणि पुढे एकच बत्तीस दात्यांचं चाक ठेवलं. मागे चौदापासून अठ्ठावीस दात्यांपर्यंत सात. सर्वांत हलक्या गिअरमध्ये पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल पावणेदोन मीटर जाते, सर्वांत जड गिअरमध्ये जवळपास साडेतीन. शाळेच्या रस्त्याला अजून काय लागतं? क्रँकही बदलला. मूळचा १५२ मिलिमीटरचा होता. मुलाच्या उंचीचा दहावा हिस्सा, हा ढोबळ नियम. भाची १२८ सेंटिमीटर, म्हणजे क्रँक १२८ मिलिमीटरचा हवा. मिळाला १४०चा. गुडघा छातीशी येणं त्यानंही बरंच थांबलं. एकूण आठशे ग्रॅम कमी.

४. टायर. चाकाचं वजन दोनदा नडतं. ते नुसतं वाहायचं नसतं, प्रत्येक वेळी फिरवायलाही लागतं. ते कमी झालं की सायकल निघते पटकन. २.१२५ इंची जाड टायर काढून १.७५ इंची टाकले. अर्धा किलो वाचला. पण इथे बाभूळ आहे! म्हणून चाचांनी जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून टायरच्या आत गेटरसारखी लावली. शंभर ग्रॅम परत आले. येऊ देत. पंक्चर झालेली हलकी सायकल ढकलण्यापेक्षा बरं.

५. सीट आणि हँडल. स्प्रिंगवाली गादीदार सीट, लोखंडी नळी, मोटरसायकलएवढं रुंद हँडल. छोटी सीट आणि अॅल्युमिनियमची नळी घातली, अर्धा किलो कमी. अॅल्युमिनियमचं हँडल घेऊन तिच्या खांद्यांच्या मापानं दोन्ही टोकं कापली, आणखी दोनशे ग्रॅम. कापल्यावर टोकांना बुच घालायला विसरू नका. उघडी नळी पडल्यावर पोटात घुसते.

शेवटी काट्याला टांगली. ९ किलो ५०० ग्रॅम! भाचीच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांच्याही आत.

बिल बघा

जुनी सायकल १८००, चिमटा ५००, क्रँक आणि दातेरी चाक ६५०, दोन टायर-ट्यूब ६४०, सीट आणि नळी ५५०, हँडल ३५०, नव्या वायरी, ब्रेकरबर, चेन आणि ग्रीस ४८०, चाचांची मजुरी ४००. एकूण ५३७० रुपये. ट्रॅव्हल्सवाल्यानं डिकीचे घेतलेले दोनशे वेगळे. म्हणजे लाल सायकलपेक्षा जवळपास दोन हजारांनी स्वस्त आणि सहा किलोंनी हलकी. आणि हो, २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आलाय, तेव्हा नवे भाग घेतानाही थोडी सूट आहेच.

सगळंच एकदम करायची गरज नाही. बजेट हजाराचंच असेल तर आधी फुकटची यादी उरका, मग टायर बदला. दोन हजार असतील तर चिमटा. आणि वजन राहू दे, पण ब्रेकची मूठ आजच तपासा. बहुतेक मुठींवर एक बारीक स्क्रू असतो. तो आत पिळला की मूठ हँडलजवळ येते आणि छोटी बोटं तिथवर पोचतात. पाच मिनिटांचं काम, पैसा शून्य. मुलाला दोन बोटांनी मागचं चाक जागच्या जागी थांबवता आलं पाहिजे. ही परीक्षा पास होईपर्यंत सायकल गेटबाहेर न्यायची नाही.

इथे काटकसर नको

ब्रेकच्या वायरी जुन्या वापरू नका. फ्रेमला, क्रँकला भोकं पाडून ग्रॅम वाचवायचे उद्योग करू नका. लोखंडी रिम असेल तर ती बदलण्याचा विचार जरूर करा. पावसात ओल्या लोखंडी रिमवर ब्रेक धड लागत नाही, अॅल्युमिनियमवर बराच बरा लागतो. चाकाचा आऊट अनुभवी मिस्त्रीकडूनच काढून घ्या. आणि हेल्मेट वरच्या हिशेबात धरू नका. ते वेगळं, नवं आणि मापाचं घ्या. ‘मोठं घेऊ, पुढे होईल’ हे दिवाळीच्या ड्रेसला ठीक आहे, हेल्मेटला आणि सायकलला नाही.

खरं तर मापाचा हाच मुद्दा सगळ्यात जास्त चुकतो. पुढे चार वर्षं चालेल म्हणून आपण मोठी सायकल घेतो. मूल घाबरतं, पडतं, सोडून देतं, आणि चार वर्षांची बचत पार्किंगमध्ये गंजत बसते. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. बस्स, एवढंच माप.

मग काय झालं?

जून उजाडला. पहिले दोन दिवस दाजी मोटरसायकलवरून मागे मागे गेले. तिसऱ्या दिवशी त्यांना मनाई झाली. ढकलत-चालवत जो रस्ता पाऊण तास घ्यायचा, तो आता बावीस मिनिटांत होतो. रिक्षा लागली नाही.

सगळं गोड झालं असंही नाही. जुलैत पाऊस लागला तेव्हा वस्तीसमोरचा तीनशे मीटरचा काळ्या मातीचा तुकडा कुठल्याच सायकलला दाद देईना. तिथं भाची उतरते, सायकल बांधावरून उचलून पलीकडे ठेवते आणि पुढे निघते. हे ताईनं सांगितलं तेव्हा कुठे हलकेपणाचा पुरता अर्थ मला कळला. साडेपंधरा किलोची लाल सायकल तिनं उचलली असती? ती उतरली असती, रडली असती आणि घरी परत आली असती. तेही पहिल्या पावसातच.

माउंटन बाइकच्या राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी प्रणिता सोमण संगमनेरची, म्हणजे काही मुंबई-पुण्याची नव्हे. भाची स्पर्धेत उतरेल की नाही, देव जाणे. तिला सध्या एवढंच हवंय की शाळा सुटल्यावर कुणाची वाट बघायला लागू नये. दोनेक वर्षांत तिला चोवीस इंची लागेल. तेव्हा ही सायकल तिच्या धाकट्या भावाकडे जाणार, हे त्यानं आत्ताच जाहीर करून टाकलंय. त्याला फक्त रंग बदलून हवाय.

आणि चाचांच्या दुकानात? परवा गेलो तर तिघांच्या सायकली स्टँड-कॅरिअर काढायला आलेल्या. चाचा काढलेलं लोखंड एका पोत्यात टाकत होते. म्हणाले, ‘‘आता लेकरांचं वजन कमी करून भंगार इकायलोय.’’

तेव्हा या रविवारी मॉल कॅन्सल. फ्रिजवरचं मॅग्नेट, बॅग तोलायचा काटा आणि दहा नंबरचा पाना एवढं घ्या आणि मुलाला बरोबर घेऊन खाली उतरा. काय काढायचं ते त्यालाच ठरवू द्या. माझी भाची तर आता ब्रेकरबर स्वतःच बदलते. चाचांना फक्त दाखवायला नेते, बरोबर बसलंय का ते.